अमेरिकेत जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी किंग दिनाची सुट्टी का असते? आपला त्याच्याशी संबंध नसल्याने ते तीन दिवस फिरायला कोठे जावे?

प्रश्नातील ‘आपला त्याच्याशी संबंध नसल्याने’ हे शब्द वाचले नसते, तर मी हे उत्तर लिहिले नसते. मी २००४ सालापासून टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात राहतो. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ रोजी याच शहरातील लोरेन मोटेलच्या सज्जात झाली.

सुट्टीबद्दल थोडक्यात सांगतो. किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ चा. त्यांच्या हत्येनंतर चारच दिवसांनी अमेरिकी संसदेचे सदस्य जॉन कॉनयर्स यांनी या सुट्टीचे विधेयक मांडले, परंतु त्यावर राष्ट्राध्यक्ष रेगन यांची सही होण्यास २ नोव्हेंबर १९८३ उजाडला आणि पहिली सुट्टी मिळाली ती २० जानेवारी १९८६ रोजी. सर्व राज्यांनी ती स्वीकारेपर्यंत २००० साल आले. ज्या जयंतीसाठी इतकी वर्षे झगडावे लागले, ती जयंती केवळ जोडून आलेली सुट्टी म्हणून वापरणे मला पटत नाही. १४ एप्रिलच्या सुट्टीत लोणावळा गाठणाऱ्यांबद्दलही माझे हेच मत आहे.

किंग मेम्फिसला आले होते ते सफाई कामगारांच्या संपासाठी. १ फेब्रुवारी १९६८ रोजी इकॉल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात शिरले आणि कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू होऊन त्यात चिरडले गेले. त्यानंतर सुमारे १,३०० कामगार, जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय, कामावर जाण्याचे थांबले. त्यांच्या हातांतील फलकांवर ‘मी माणूस आहे’ एवढेच लिहिलेले असे.

आमच्या शेजारच्या घरात त्या संपातील एक वृद्ध गृहस्थ राहत. २००६ च्या जानेवारीत माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, आमच्याकडे आले होते. आप्पांची सारी नोकरी सोलापूर जिल्ह्यातील एका नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक म्हणून झालेली. संक्रांत शनिवारी होऊन गेली होती आणि सोमवारी किंग दिन होता. माझ्या पत्नीने तिळाच्या वड्यांचा डबा शेजारी द्यायला सांगितला, तेव्हा आप्पाही माझ्याबरोबर आले. मी दुभाष्याचे काम करीत होतो. ते गृहस्थ सांगत होते की, त्या काळी घरामागच्या अंगणातून कचरा टबात भरून, तो टब डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यावा लागे. आप्पांनी मध्येच थांबवून विचारले, “टब गळत असे का, ते विचार त्यांना.” मी विचारले. त्या गृहस्थांनी काही न बोलता उजव्या हाताचे बोट कानामागे ठेवले आणि ते मानेवरून सदऱ्याच्या कॉलरमध्ये, तेथून पाठीकडे हळूहळू ओढत नेले. आप्पांनी मान हलवली. “आमच्याकडच्या बायकांच्या डोक्यावरची पाटी अशीच झिरपायची,” ते म्हणाले, आणि हे वाक्य इंग्रजीत सांगताना मला दोनदा थांबावे लागले. पुढचा तासभर दोघे बोलत होते आणि बऱ्याच वेळा त्यांना माझी गरजही लागली नाही.

पुढच्या वर्षी आमच्या मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम याच जोडून आलेल्या सुट्टीत होता. त्यात किंग यांच्यासाठी दहा मिनिटे ठेवावीत आणि त्या गृहस्थांना बोलवावे, असे मी सुचवले. एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांनी, “हा त्यांचा दिवस, आपण त्यांच्या भानगडीत कशाला पडायचे?” असे म्हणून विषय संपवला. बैठकीत मी गप्प बसलो, याची मला आजही खंत आहे. जे तेव्हा बोलायचे राहिले, ते येथे लिहितो. अमेरिकेत स्थायिक होण्यासाठी १९४६ च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला अवघ्या १०० जागा दिल्या होत्या. वंशावर आधारलेली ती कोटा पद्धत मोडणारा कायदा ३ ऑक्टोबर १९६५ रोजी झाला, आणि नागरी हक्कांच्या चळवळीने देशाची हवा बदलली नसती तर तो त्या वर्षी झाला नसता, असे माझे ठाम मत आहे. ते पदाधिकारी सत्तरच्या दशकात अभियंता म्हणून याच दरवाजातून आत आले. शिवाय १९५९ साली किंग स्वतः महिनाभर भारतात होते आणि मुंबईत मणिभवनात राहिले होते. केरळमधील एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतील अस्पृश्य बांधव’ अशी करून दिली. प्रथम ते दुखावले, परंतु विचार केल्यावर ते शब्द त्यांना खरे वाटले, हे त्यांनी पुढे चर्चमधील प्रवचनात सांगितले. आता संबंध नाही, असे कोणी म्हणू नये.

तेव्हा फिरायचेच असेल तर मेम्फिसला या. लोरेन मोटेलचे आता नागरी हक्क संग्रहालय झाले आहे. ३०६ क्रमांकाच्या खोलीबाहेर कठड्याला पुष्पचक्र लावलेले असते आणि ते रस्त्यावरूनही दिसते. येणे शक्य नसेल, तर १९९४ च्या कायद्याने हा दिवस सेवेचा दिवस ठरवला आहे, त्यानुसार आपल्या गावात अर्धा दिवस काही काम करावे.

मात्र, सुट्टी मिळणार हे आधी खात्री करून घ्या. टपाल, बँका आणि शेअर बाजार बंद असतात, पण बऱ्याच खाजगी कचेऱ्या चालू असतात. दक्षिणेत आणखी एक गोष्ट दिसेल: मेम्फिसची वेस ओलांडून मिसिसिपी राज्यात गेलात, तर तेथे त्याच सोमवारी अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापती रॉबर्ट ली यांचीही जयंती सरकारी यादीत आहे. आणि शेजाऱ्यांकडे तिळगूळ नेणार असाल, तर त्यांच्या घरात कोणाला तिळाची अ‍ॅलर्जी आहे का, हे आधी विचारा. २०२३ पासून येथे पाकिटावर तिळाचा उल्लेख सक्तीचा झाला आहे, पण घरच्या डब्यावर तो नसतो.