ऑडिट लॉग कुठे लिहायचा: जँगोच्या सेव्हमध्ये की ट्रिगरमध्ये?

जँगो (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवर चालणाऱ्या ॲपमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवायची आहे. ती मॉडेलच्या सेव्हमध्ये (जँगोच्या रो जतन करणाऱ्या मेथडमध्ये) लिहावी की डेटाबेसच्या ट्रिगरमध्ये (टेबलात बदल झाला की डेटाबेस आपोआप चालवतो त्या फंक्शनमध्ये), हा तुमचा प्रश्न. मी ट्रिगर घेईन. क्वेरीसेटवरचं अपडेट (अनेक रो एकदम बदलणारं) आणि बल्क अपडेट ना सेव्ह बोलावतात ना सिग्नल (सेव्ह झाल्याची जँगोची सूचना) पाठवतात, म्हणजे ते बदल नोंदीविना निघून जातात. शिवाय कुणी घाईत थेट डेटाबेसवर चालवलेली क्वेरी असतेच, आणि नंतर चौकशी बहुतेक वेळा तिचीच होते.

ट्रिगर फंक्शन एकच लिहा आणि हव्या त्या टेबलांना जोडा. नोंदीत टेबलाचं नाव, प्रायमरी की, क्रिया, जुनी आणि नवी रो जेसनबीमध्ये (पोस्टग्रेसचा जेसन साठवण्याचा प्रकार), वेळ आणि ट्रान्झॅक्शन आयडी एवढं पुरतं. अपडेटला फक्त बदललेले कॉलम ठेवले तरी चालतं, डिलीटला मात्र अख्खी जुनी रो ठेवा. जुनी-नवी रो सारखीच असेल तर नोंद करू नका, कारण जँगोचं सेव्ह एरवी सगळेच कॉलम लिहितं. ही तुलना करताना 'शेवटचा बदल' दाखवणारा टाइमस्टॅम्प वगळा, नाहीतर प्रत्येक सेव्ह बदल म्हणून दिसेल.

खरी मेख 'कोणी' या प्रश्नात आहे. ॲप एकाच डेटाबेस युजरने जोडलेलं असतं, त्यामुळे ट्रिगरला लॉगिन केलेला माणूस दिसत नाही. तो पोस्टग्रेसच्या सेट_कॉन्फिग फंक्शनने कळवा आणि तिसरा आर्ग्युमेंट ट्रू द्या, म्हणजे ती व्हॅल्यू त्या ट्रान्झॅक्शनपुरतीच राहते. फॉल्स दिलात तर ती कनेक्शनला चिकटते आणि पूलमधून (पुन्हा पुन्हा वापरायच्या कनेक्शनांच्या साठ्यातून) तेच कनेक्शन दुसऱ्याला मिळालं की त्याचं काम पहिल्याच्या नावावर चढू शकतं. असा लॉग नसलेला बरा!

इथे जँगोची एक खोच आहे. ॲटॉमिक रिक्वेस्ट्स (प्रत्येक रिक्वेस्टला ट्रान्झॅक्शन देणारी सेटिंग) सुरू केलं तरी ट्रान्झॅक्शन फक्त व्ह्यूभोवती (रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या फंक्शनभोवती) असतं, मिडलवेअर (व्ह्यूच्या आधी-नंतर चालणारा कोड) त्याच्या बाहेर चालतं. तिथे सेट केलेली व्हॅल्यू व्ह्यूपर्यंत पोचतच नाही. व्ह्यूच्या डेकोरेटरमध्ये सेट केलीत तर ती आत येते. ट्रिगरमध्ये वाचताना रिकामी स्ट्रिंगही नल समजा; एकदा वापरलेल्या कनेक्शनवर ट्रान्झॅक्शन संपल्यावर नलऐवजी तीच मिळते. बॅकग्राउंड जॉबला माणूस नसतो, तिथे जॉबचं नाव द्या.

ॲपच्या युजरला ऑडिट टेबलावर लिहिण्याचा, बदलण्याचा, पुसण्याचा कसलाच हक्क देऊ नका. फंक्शन सिक्युरिटी डिफायनर करा, म्हणजे नोंद फंक्शनच्या मालकाच्या हक्काने होते. मूळ टेबलांची मालकीही ॲपच्या युजरकडे नको, कारण मालक ट्रिगर बंद करू शकतो. मायग्रेशनसाठी (टेबलांची रचना बदलण्यासाठी) वेगळा युजर लागेल. कटकट आहे, पण नोंद पुरावा म्हणून दाखवायची असेल तर टाळू नका.

पासवर्डचे हॅश आणि टोकन नोंदीतून वगळा, नाहीतर मूळ टेबलातून पुसलेलं गुपित इथे जिवंत राहतं. ऑडिट टेबल महिन्यावार पार्टिशन करा (भागांत विभागा), म्हणजे जुना भाग डिलीट न चालवता एका झटक्यात ड्रॉप करता येतो. आणि ट्रंकेटवर (अख्खं टेबल रिकामं करणारी कमांड) रो-लेव्हल ट्रिगर, म्हणजे प्रत्येक रोसाठी चालणारा, चालत नाही. त्यासाठी वेगळा स्टेटमेंट-लेव्हल ट्रिगर (कमांडमागे एकदाच चालणारा) लावा किंवा तो हक्कच काढून घ्या.