‘माझ्यामुळे सगळ्यांचा गोल मोडतो’

‘मॅडम, दोघांत नाचताना काही होत नाही. गोलात उभा राहिलो की हातपाय गळतात. माझ्या एकट्यामुळे बारा जणांचं बिघडतं.’ कोथरूडला सालसाच्या वर्गाला जाणारे हे गृहस्थ चाळिशीतले, नोकरी हिंजवडीत. तीन आठवडे वर्ग बुडवल्यावर माझ्याकडे समुपदेशनाला आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मोठेपणी गटात काही शिकणाऱ्यांची ही तक्रार नेहमीची आहे, आणि ‘घाबरू नका’ म्हटल्याने ती सुटत नाही.

त्यांचा नाच रुएदा दे कासिनो, १९५०च्या दशकाच्या अखेरीस हवानात सुरू झालेला. जोड्या गोलात उभ्या राहतात. एकजण कॉल देतो, सगळे एकदम तीच चाल करतात आणि पार्टनर बदलत जातात. ते अडायचे ‘एंचुफ्ला दोब्ले’ला. भीतीबद्दल बोलण्याआधी ती चालच त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतली.

आठ मात्रांचे तीन भाग. पहिल्यात १-२-३ वर पार्टनरला हाताखालून तिच्या डावीकडे वळवत जागा बदलायला लागायचं, पण ५-६-७ वर उजव्या हाताने तिला खांद्याशी थोपवून दोघांनी मागे फिरायचं. दुसऱ्यात तीच सुरुवात, यावेळी जागा पूर्ण बदलायची आणि ५-६-७ वर लीडने, म्हणजे नाचात पुढाकार घेणाऱ्याने, पुढच्या पार्टनरकडे जायचं. तिसऱ्यात तिच्यासोबत ‘दिले के नो’, म्हणजे तिला आपल्या समोरून डावीकडे नेण्याची चाल. ४ आणि ८ ला पाऊल नाही.

हे पहिल्याच भागातल्या ५ वर निघून जायचे. मग एका बाईसमोर दोन पुरुष, आणि यांच्या पार्टनरचा हात हवेत. चाल त्यांना पाठ होती. पण साध्या ‘एंचुफ्ला’त न थोपवता लगेच पुढे जायचं असतं; तेवढा शब्द कानावर पडताच पाय सुटायचा आणि ‘दोब्ले’ ऐकूच यायचं नाही. कारण सगळं लक्ष स्वतःच्या बुटांवर. माणूस घाबरला की लक्ष आत वळतं, स्वतःवर पहारा बसतो; क्लार्क आणि वेल्स यांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीच्या मांडणीत हेच दाखवलं. खाली बघितलं की सुरक्षित वाटतं, पण त्यानेच कॉल निसटतो, पुढच्या पार्टनरचा हात दिसत नाही आणि ज्याची भीती तेच घडतं.

घरचा सराव संगीताशिवाय. पत्नीने मटार सोलता सोलता दोन्ही कॉल उलटसुलट द्यायचे. कॉल पूर्ण होईपर्यंत यांनी फक्त ‘ग्वापेया’ची, म्हणजे जागेवरच मागे-पुढे होण्याची मूळ पावलं चालू ठेवायची. नजर पार्टनरच्या खांद्याच्या उंचीवर. कॉलसोबतच्या हातखुणा गटागटाला वेगळ्या असतात, त्या शिक्षकांना विचारून घ्यायच्या.

चुकल्यावर काय करायचं, हे मात्र त्यांना आधीच येत होतं. ते ढोलपथकात वाजवतात. ‘तिथे टिपरू चुकलं तर?’ विचारल्यावर लगेच म्हणाले, ‘हात थांबवतो, ताशा ऐकतो, पुढच्या ठेक्याला घुसतो.’ गोलातही तेच. सुटलेल्या पार्टनरमागे धावायचं नाही. हात वर करायचा, जवळ जी मोकळी दिसेल तिचा हात धरून ग्वापेया करायचा आणि पुढच्या कॉलची वाट बघायची. मला विचाराल तर चाल शिकण्याइतकाच याचाही सराव हवा, आणि वर्गात तो सहसा होत नाही.

(अशी धडधड ऑफिसच्या मीटिंगमध्ये, लग्नकार्यातही होत असेल, तर एवढ्यावर न थांबता समुपदेशकाची नीट भेट घ्यावी.)

शेवटचं काम अवघड होतं. शिक्षकांना सांगून एकदा मुद्दाम चुकायचं, आणि आधी अंदाज लिहून ठेवायचा. त्यांनी लिहिलं, ‘गोल थांबेल. सगळे वैतागतील.’ पुढच्या भेटीत त्याच कागदाच्या मागे लिहून आणलं होतं: गोल थांबला नाही. दोन जागा पलीकडच्या बाईंनी हात वर केला, मी तिथे गेलो, पुढच्या कॉलला सगळं जुळलं. त्याच गाण्यात आणखी एकजण चुकला होता. चार महिन्यांत दुसऱ्या कुणाला चुकताना मी पहिल्यांदाच पाहिलं.