धूर भरला, पण झोत दिसेना

प्रश्न : ताई, कोथरूडला एका मैत्रिणीचं कथकचं शूट करतोय. जुन्या वाड्यात कौलातून कवडसे पडतात ना, तसे उजेडाचे झोत हवे होते. फॉग मशीन भाड्याने आणलं, समोर दोन सॉफ्टबॉक्स लावले, तर सगळी फ्रेम दुधासारखी पांढरी. काय चुकतंय?

उत्तर : अरे, आधी ते सॉफ्टबॉक्स उतरव. ते उजेड पसरवायलाच असतात, आणि पसरलेल्या उजेडात सगळा धूर सारखाच उजळतो मग झोताला कड येणार कुठून. नुसता फ्लॅश घे आणि त्याच्यापुढे जाड पुठ्ठा, कटरने दोन-दोन बोटं रुंद चिरा पाडलेला. फ्लॅश पुठ्ठ्याजवळ ठेवलास तर झोत पंख्यासारखे फाकतात, आठ-दहा फूट मागे नेलास की कड धारदार होते आणि झोत बरेचसे समांतर येतात, उन्हासारखे. जागा नसेल तर लाईट पॅसेजमध्ये ठेवून दाराच्या चौकटीलाच पुठ्ठा ठोक, सदाशिव पेठेतल्या दहा बाय बाराच्या खोलीत मी असंच केलंय, मस्त होतं.

लाईट समोरून मात्र अजिबात नको. धुराचे कण उजेड जास्त करून पुढच्या दिशेला फेकतात, म्हणून तो तिच्या मागून, वरून तिरका, कॅमेऱ्याच्या बाजूला येऊ दे, फक्त थेट लेन्समध्ये शिरू देऊ नकोस. मागे काळा पडदा हवाच. चेहरा फारच काळा पडला तर उजेड तिच्यावर परतवायला थर्माकोलचा पांढरा तुकडा जवळ धर, तेवढं पुरतं.

आता धूर. टिंडल या शास्त्रज्ञाने १८७०च्या आसपास दाखवलं होतं की हवेत कणच नसतील तर झोत दिसतच नाही, पण म्हणून खोली धुराने कोंदून टाकायची नाही. थोडा सोड, मिनिटभर पंखा फिरवून बंद कर आणि थांब, धुरातून मागच्या पडद्याच्या चुण्या नीट दिसल्या पाहिजेत इतकाच. हेझर, म्हणजे विरळ धुकं सोडणारं मशीन, मिळालं तर फारच छान, त्याचा धूर बारीक असतो आणि बराच वेळ टिकतो. टाल्कम किंवा मैदा उडवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस, छातीत जातो आणि उडालेलं पीठ पेटही घेतं.

कॅमेऱ्यावर सुरुवात शटर १/१२५, अ‍ॅपर्चर एफ ५.६, आयएसओ ४०० ने कर आणि झोत पाहून फ्लॅश कमी-जास्त कर. तिने चक्कर घेतली की धूर ढवळला जाणार, दोन-तीन फोटोंनंतर परत हवा शांत व्हायची वाट बघावी लागेल, तर घुंगरू बांधायच्या आधीच तिला हे सांगून ठेव.