अकरावीला सायन्ससोबत म्युझिक घेतलं तर आयआयटीला चालतं का?

दहावीचे रिझल्ट लागले की हा प्रश्न मला हमखास येतो, फोनवर, व्हॉट्सॲपवर, कधीकधी लग्नात जेवणाच्या रांगेत सुद्धा. म्हणून माझ्याकडे सल्ल्याला आलेली एक केस सांगते, ओळख पटेल असं काही ठेवलं नाहीये.

ठाण्याचं कुटुंब, आई-बाबा आणि मुलगा. सीबीएसई शाळा, नववी-दहावीला हिंदुस्थानी गायन हा विषय घेतलेला, शिवाय बाहेर क्लासला गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा प्रथम ही गायनाची परीक्षा झालेली. बाबा खुर्चीत टेकता टेकताच म्हणाले, "मॅडम, तुम्हीच समजवा याला, गाणंबिणं बास आता, पाचवा विषय कॉम्प्युटरच घेऊ दे, उद्या ॲडमिशनला म्युझिक बघून कोणी बाहेर काढलं तर?" आई म्हणाली, अहो आवडतंय तर घेऊ दे ना. आणि ज्याच्याबद्दल हे सगळं चाललेलं तो मोबाईलचं कव्हर काढत होता, परत लावत होता.

आधी नियमाचं बोलून घेतलं. आयआयटीला बारावीचे पाच विषय धरतात, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, एक भाषा आणि या चारांव्यतिरिक्त कुठलाही एक, तो पाचवा म्युझिक असला तरी चालतो. त्या पाचांत मिळून 75 टक्के (एससी-एसटीला 65) लागतात, नाहीतर बोर्डाच्या टॉप 20 पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. सीबीएसईला बारावीच्या संगीतात थिअरी फक्त 30 मार्कांची आणि प्रॅक्टिकल 70 चं, त्यामुळे गळ्यात गाणं असलेल्या मुलाला हा विषय टक्के वाढवूनच देतो, कमी नाही करत. बाबांनी मध्येच विचारलं की गांधर्वच्या परीक्षांचे जादा मार्क मिळतात ना? ते राज्य बोर्डाच्या दहावीला हो, सीबीएसईला नाही, लोक या दोन गोष्टी फार मिक्स करतात. आणि राज्य बोर्डाच्या अकरावीत बहुतेक कॉलेजात संगीत आर्ट्सवाल्यांनाच मिळतं, तेही आधीच बघून ठेवा.

खरी अडचण कुठे येते माहितीये का, इंटिग्रेटेडवाल्या कॉलेजात. तिथे दिवसभर जेईईचं कोचिंग, पाचवा विषय त्यांच्या सोयीचा, म्युझिकचा शिक्षकच नसतो. म्हणजे दार आयआयटी बंद करत नाही, टाइमटेबल बंद करतं.

बाबा जरा शांत झाले. मग दोघांना बाहेर बसवलं आणि मुलाला विचारलं, तुला काय हवंय? तो म्हणाला, "मला पण नकोय म्युझिक." मला वाटलं बाबांच्या धाकाने बोलतोय, पण तसं नव्हतं. दहावीत गॅदरिंगला बंदिश म्हणताना तार सप्तकातल्या सा ला आवाज चिरकला, मागच्या रांगेतली पोरं हसली, आणि तेव्हापासून याने घरी सुद्धा तोंड उघडलं नव्हतं, रियाज म्हणून खोलीचं दार लावून नुसता तानपुऱ्याचा ॲप चालू ठेवायचा. घरात दोन महिने आयआयटीवरून भांडण आणि पोराला वाटतंय आपलं गाणंच संपलं.

आवाज फुटणं हे कुणी त्याला नीट सांगितलेलंच नव्हतं. वयात येताना मुलांचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली येतो, आणि हे होत असताना काही महिने, कधी वर्षभर किंवा जास्तही, तो कुठेही घसरतो. मी विचारलं कुठल्या पट्टीत गातोस, म्हणजे सा पेटीच्या कुठल्या पट्टीवर धरतोस, तर म्हणे काळी चार, म्हणजे मुलींची उंच पट्टी! गाण्याच्या क्लासात बाकी सगळ्या मुली, सगळ्यांना एकच पट्टी, हा पण त्यातच रेटत होता. मोठे पुरुष बरेचदा काळी एकच्या आसपास गातात. मी काही गाणारी नाही, पण एवढं ऐकून माहिती आहे, म्हणून म्हटलं, अरे, आधी गुरुजींकडे जा आणि झालेलं सगळं सांग, मग फॉर्मचं बघू.

गुरुजींनी पट्टी खाली आणली, वरचं गाणं बंद केलं, मंद्र आणि मध्य, म्हणजे खालच्या आणि मधल्या सप्तकात नुसते पलटे (स्वरांचे सराव) आणि भूप राग, ताण द्यायचा नाही, घसा बसला तर त्या दिवशी सुट्टी. (आवाज बरेच दिवस बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं, हेही मी आईला सांगून ठेवलं होतं.) सोबत पेटीवर हात फिरवायला लावला. शिवाय सीबीएसईत गायन, स्वरवाद्य, तालवाद्य असे वेगवेगळे विषय आहेत, आवाजाने फारच छळलं तर वाद्याकडे वळता येतं, अर्थात शाळेत ते शिकवणारं कुणी असेल तर.

जूनमध्ये त्याने स्वतःच पीसीएम, इंग्लिश आणि गायन भरलं. थिअरीचा त्याला कंटाळा आहे, ताल दुगुन-चौगुनमध्ये (दुप्पट-चौपट लयीत) लिहिताना मात्रा चुकवतो, घराण्यांची माहिती पाठ करताना झोपतो, आणि गाणं आवडणाऱ्या पुष्कळ मुलांचं असंच होतं, म्हणून विषय घेण्याआधी थिअरीचं पुस्तक एकदा उघडून बघाच. कोचिंग संध्याकाळी असतं म्हणून रियाज सकाळी अर्धा-पाऊण तास, रविवारी गुरुजी. बाबांना अजूनही कॉम्प्युटरच बरा वाटतो, फोनवर तसं बोलूनही दाखवतात, बोलू देत.