चेलोसाठी म्हणून घेतलं आणि आत गाणंच नव्हतं!

चेलोचं (व्हायोलिनच्या मोठ्या भावाचं) शीट म्युझिक, म्हणजे सुरांचा छापील कागद, विकत घेतलं आणि त्यात गाणंच सापडत नाही, आपलंच वाचायला चुकतंय का, ही तुमची पोस्ट वाचून आधी हसू आलं आणि मग पोटात गोळा, कारण डिट्टो हेच माझं झालंय. चेलो शिकून जेमतेम दीड वर्ष, ख्रिसमसच्या कार्यक्रमात एकटीने 'सायलेंट नाइट' वाजवते म्हणून हो म्हणून बसलेली, आणि विकत घेतलेल्या शीट म्युझिकमध्ये गाणं कुठेय तेच सापडेना. तुम्ही वाचायला चुकत नाही आहात. तुम्ही टाकलेल्या फोटोतलं पान चौघांसाठी बसवलेल्या पीसमधलं चेलोचं आहे, म्हणजे मेलडी व्हायोलिनकडे आणि आपण खाली लांब लांब सूर धरून बसायचं.

क्लेफ (ओळींवर कुठला सूर कुठे ते सांगणारं सुरुवातीचं चिन्ह) वगैरे तुम्हाला येतंच असणार, त्यात जात नाही.

मी फसले ती नमुन्याच्या पानावर. पहिले आठ बार (उभ्या रेघांमधले तालाचे तुकडे) मेलडी चेलोलाच होती, म्हटलं झालं काम, पुढची पानं दिसत नव्हती आणि शीर्षकाखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायचे कष्ट मी घेतले नाहीत. प्रिंट काढली तर नवव्या बारपासून नुसते धरलेले सूर. विकणाऱ्यांच्या मदत विभागाला लिहिलं की पैसे नकोत, फक्त सोलोवाली फाइल बदलून द्या, ती तुमच्याकडे आहे. उत्तर काय, "फाइल डाउनलोड झालेली असल्याने परतावा मिळणार नाही." अहो पण परतावा मागितलाय कुणी? तीनदा लिहिलं, तीनदा तेच वाक्य, खालचं नाव तेवढं वेगळं. पैशांचं जाऊ दे, पण या भांडणात अकरा दिवस गेले आणि त्या अकरा दिवसांत मी चेलो केसमधून काढला नाही, कारण "योग्य" कागद येईल मग बसू असं डोक्यात. हा खरा मूर्खपणा. तुम्ही भांडा हवं तर, पण वाजवणं थांबवू नका.

शेवटी केलं काय तर म्यूझस्कोअर स्टुडिओ हा शीट म्युझिक लिहायचा फुकट प्रोग्रॅम घेतला, ख्रिस्ती भजनांच्या जुन्या पुस्तकातली वरची ओळ त्यात टाइप केली, चेलोच्या बेस क्लेफमध्ये आणली आणि जी मेजरला ट्रान्सपोज केली, म्हणजे अख्खी चाल त्या स्केलमध्ये सरकवली. सगळं मिळून एक संध्याकाळ. जी मेजरच का, तर बऱ्याच पुस्तकांत हे गाणं बी फ्लॅटमध्ये असतं आणि तिथे सगळ्यात वरचा सूर ई फ्लॅट येतो, तो साध्या फर्स्ट पोझिशनच्या (डाव्या हाताची शिकतो ती पहिली जागा) बाहेर. जी मध्ये सगळ्यात खालचा सूर म्हणजे मोकळी जी तार आणि सगळ्यात वरचा ए तारेवर दुसऱ्या बोटाचा सी, हात हलवायलाच नको. 'जॉय टू द वर्ल्ड' तर पुस्तकात बहुतेक वेळा डी मध्येच असतं, सप्तक खाली घ्या की झालं, पहिली ओळ म्हणजे डी मेजरचा स्केल उलटा. 'ओ होली नाइट' मात्र यंदा नको. चाल १८४७ची, कॉपीराइटचा प्रश्न नाही, पण शेवटी वर चढते तिथे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे हात रडतात (माझे रडले, तुमचे कदाचित नाही रडणार).

कॉपीराइटचं निघालंच आहे तर, मी वकील नाही, पण जुनी चाल मोकळी असली म्हणून कुणीतरी हल्ली केलेली अरेंजमेंट (वाद्यांसाठी नव्याने केलेली मांडणी) मोकळी होत नाही. तिची झेरॉक्स वाटू नका. आयएमएसएलपी या शीट म्युझिकच्या ऑनलाइन संग्रहावर जुनी प्रकाशनं मिळतात, तिथेही कुठल्या वाद्याचं पान आहे ते बघूनच उतरवा, आणि तुमच्या देशात ते मोकळं आहे का तेही.

कीबोर्डवाल्याला आजच स्केल सांगा, "मी जी मध्ये वाजवणार". मी हे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सांगितलं आणि त्याच्यासमोर बी फ्लॅटचं पुस्तक उघडं! कीबोर्ड नसेल तर गिटार चालते की, २४ डिसेंबर १८१८ला ओबर्नडॉर्फमध्ये हे गाणं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा साथीला गिटारच होती.

बो (तारांवर फिरवायचा गज) कसा ओढायचा याबद्दल माझं मत, टीचरचं वेगळं असेल तर त्यांचंच ऐका. एका बारला एक बो, पहिला डाउन म्हणजे बाहेर ओढत, दुसरा अप म्हणजे परत आत. सुरुवातीलाच अर्धा बो उधळला की बारच्या शेवटी सूर घशात अडकतो, म्हणून आधी कंजूषपणा करा.

उघड्यावर वाजवणार असाल तर कपडे वाळत घालायचे चार चिमटे न्या, स्टँडवरचं पान वाऱ्याने उलटलं की कुठलीच पोझिशन उपयोगाची नाही. आणि थंडीत तारांचा सूर हलतो, जागेवर अर्धा तास आधी जाऊन बसा.

दुसरं कुठलं गाणं घेतलं असेल तर नाव टाका इथेच, कुठल्या स्केलमध्ये हाताला बसतं ते वाजवून बघून सांगते.