चार महिन्यांपासून कंबर दुखते आहे. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरील वाळूत रोज चालावे का?

होय, अवश्य चालावे. मात्र पाय रुतणाऱ्या कोरड्या वाळूत नव्हे, तर ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या ओल्या, घट्ट पट्ट्यावर किंवा सरळ जवळच्याच कांपाल भागातील पदपथावर, आणि आरंभी दहा-पंधरा मिनिटेच. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत नियोजनबद्ध व्यायामाची शिफारस असून, आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा कमरेचा पट्टा नेहमीच्या उपचारात नको, असेही त्यात म्हटले आहे. पडून राहिल्याने पाठीचे स्नायू दुबळे होतात आणि ताठरपणा वाढतो, तर बेताच्या हालचालीने ते हळूहळू भार पेलू लागतात. किनारा पाण्याकडे उतरता असल्यामुळे जितके अंतर जाल तितकेच त्याच वाटेने परत यावे, म्हणजे एकाच बाजूवर ताण राहत नाही. घरी उताणे झोपून गुडघे वाकवावेत आणि कंबर सावकाश वर उचलून खाली आणावी. सुरुवातीला पाच-सहा वेळा पुरे. व्यायामानंतर थोडे दुखणे स्वाभाविक आहे. परंतु पायातील शक्ती कमी होणे, जांघेभोवती बधिरता येणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही जाणवल्यास व्यायाम थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.