आठवडाभराच्या शिडाच्या शर्यतीत पहिल्यांदाच खलाशी म्हणून जाताना

गेली दोन वर्षे शनिवार-रविवारी चोर्ला घाट उतरून तुम्ही गोव्यात दोन माणसांची डिंगी, म्हणजे छोटी शिडाची होडी, चालवायला शिकलात, आणि आता मुंबईच्या बंदरात सात दिवस चालणाऱ्या शर्यतींसाठी एका जे/२४ बोटीवर पाचवा माणूस म्हणून तुम्हाला बोलावणे आले आहे. तिथे नेमके काय करावे लागेल आणि आपल्यामुळे बोट हरणार तर नाही ना, हे विचारायला खानापुरात कोणी नाही, असे तुम्ही लिहिले आहे. मी बेळगावच्या शहापूरचा. समुद्र मीही पंचविशी ओलांडल्यावरच जवळून पाहिला. त्यानंतर अशा सहा स्पर्धांत खलाशी म्हणून बसलो, सुकाणू मात्र एकदाही हाती घेतले नाही, त्यामुळे पुढचे सारे बोटीच्या मधल्या जागेवरून पाहिलेले आहे असे समजून वाचावे.

तुमच्या भीतीचे उत्तर गुणांच्या हिशेबात आहे. या स्पर्धांत पहिल्या बोटीला १ गुण, दुसरीला २, असे गुण मिळतात आणि सर्वांत कमी गुणांची बोट जिंकते. शर्यत अर्धवट सोडली तर उतरलेल्या बोटींच्या संख्येपेक्षा एक अधिक गुण पडतो आणि सहसा एकच वाईट निकाल वगळता येतो. समजा, १८ बोटी आणि १० शर्यती आहेत. दहाही वेळा चौथी आलेली बोट एक निकाल वगळून ३६ गुणांवर थांबते. चार वेळा पहिली, तीन वेळा दुसरी आणि तीन वेळा शर्यत सोडून परतलेली बोट मात्र ४८ वर जाते, कारण वगळता येते ते एकच १९ आणि उरलेली दोन गळ्यात पडतात. म्हणजे तुमच्याकडून कोणी चमत्काराची अपेक्षा धरलेली नाही. एक ठरलेले काम सातव्या दिवशीही पहिल्या दिवसासारखेच व्हावे, एवढीच अपेक्षा आहे.

ते काम बहुधा डोलकाठीजवळचे किंवा मधल्या दोरांचे असेल, आणि त्यातच स्पिनेकरची घडी तुमच्या वाट्याला येईल. हे फुगणारे मोठे शीड पिशवीत कोंबलेले दिसते, पण त्याला शिस्त असते. त्याच्या एका उभ्या काठाला बहुधा लाल आणि दुसऱ्याला हिरवी पट्टी असते. वरचे टोक एका हातात धरून आधी लाल काठ बोटांतून सरकवत खालच्या कोपऱ्यापर्यंत यायचे, मग तसाच हिरवा काठ, आणि मधले कापड आत सारून तिन्ही कोपरे पिशवीबाहेर वेगवेगळे ठेवायचे. एका स्पर्धेच्या पाचव्या दिवशी दोन शर्यतींच्या मध्ये मी चपाती-भाजी खात बसलो आणि वेळ उरला नाही म्हणून फक्त लाल काठ तपासला. वरच्या, म्हणजे वाऱ्याकडच्या टोकाच्या, बोयाला (खुणेच्या तरंगत्या पिंपाला) वळसा घालून शीड चढवले, तर मध्ये पीळ पडून त्याचा डमरू झाला. वरचा आणि खालचा भाग फुगलेला, मधला आवळलेला. तिसऱ्या क्रमांकावरून आम्ही अकराव्यावर गेलो. कप्तान एक शब्दही बोलला नाही, आणि तेच अधिक लागले. तेव्हापासून कोणी कितीही घाई केली तरी दोन्ही काठ तपासल्याशिवाय मी पिशवीचे तोंड बांधत नाही.

शर्यतीच्या आरंभी बोलणे कमीत कमी ठेवावे. पाच मिनिटे उरताना वर्गाचा झेंडा चढतो, चार मिनिटे उरताना तयारीचा, आणि एक मिनिट उरताना तयारीचा उतरतो. नवख्याला अनेकदा घड्याळ देतात, तेव्हा आकडे स्पष्ट आणि एकाच सुरात उच्चारावेत. पुढचे मोठे शीड सुकाणूवाल्याची वाऱ्याखालची, म्हणजे वारा जिकडे जातो ती, बाजू झाकून टाकते, म्हणून तिकडून येणारी बोट तुम्हालाच आधी दिसते. वारा डाव्या बाजूने घेणाऱ्या बोटीने उजव्या बाजूने घेणाऱ्या बोटीला वाट द्यायची असते. तेव्हा नुसते ‘बोट आली’ असे ओरडण्याऐवजी ती कोणत्या बाजूने वारा घेते आहे आणि किती बोटींच्या लांबीवर आहे, हे सांगावे. टक्कर किंवा वाद झालाच तर साक्षीसाठी हाच तपशील विचारतात.

वारा ओळखण्यात तुम्ही समजता तेवढे मागे नाही. भाताच्या शेतावरून झुळूक सरकताना पिकावर जशी गडद लाट धावते, तशीच ती पाण्यावरही धावते. हिवाळ्यात मुंबईला सकाळी जमिनीकडून मतलई वारे असतात, मग मध्ये पाणी तेलासारखे सपाट होते, आणि दुपारी वायव्येकडून खारे वारे धरतात. लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा, शर्यत लांबल्याचा झेंडा चढला की तासभर तळपत बसावे लागेल. त्या वेळात डोके झाकून पाणी प्यावे.

भरती-ओहोटी हे मात्र आपल्याला खरोखर नवे असते. कोकणात तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची अंदाजे वेळ काढतात. चतुर्थीला ती तीनच्या आसपास येते, अष्टमीला सहाच्या. तेवढे पाठ करा, पण शर्यतीत नजर बोयावर ठेवा. त्याच्या ज्या अंगाला पाणी चढते आणि ज्या अंगाला भोवरे सुटतात, त्यावरून प्रवाहाची दिशा आणि जोर कळतो. माझ्या सहाही स्पर्धांत कप्तानाने माझे आभार मानले ते याच एका कामासाठी, आणि तेही एकदाच.

विंचवर, म्हणजे दोर ताणायच्या फिरत्या ड्रमवर, दोर नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळतात. ताण असताना बोटे ड्रमपासून लांब ठेवावीत. वळताना जुन्या बाजूचा दोर आधीच सोडून देण्याची घाई करू नये, सांगितल्यावरच सोडावा.

चौथ्या दिवसापासून तळहात सोलतात, काठावर बसून मांड्या भरून येतात आणि मन चिडके होते. हातमोजे दोन जोड न्या, तळव्याचा डाग न पडणारे आणि न घसरणारे बूट न्या. रात्रीच्या मेजवानीतून लवकर उठण्यात कोणाचाही अपमान होत नाही. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आधी बेळगावातच एकदा घेऊन पाहा, कारण काहींना तिने झोप येते. बोटीवर मळमळले तर खाली न वाकता दूर क्षितिजाकडे पाहावे.

जाण्यापूर्वी दोन गोष्टी फोनवर मोकळेपणाने विचारा. एक म्हणजे खर्च: राहणे, जेवण आणि प्रवास कोणाचा. दुसरी म्हणजे वजन. जे/२४ वर्गाच्या नियमांनुसार बोटीवरच्या सर्वांचे मिळून वजन ४०० किलोंपेक्षा जास्त चालत नाही, तेव्हा स्वतःचे खरे वजन सांगा. दोन किलो चोरून काट्यावर उभे राहण्याची वेळ आली तर पंचाईत पाचही जणांची होते.

बेळगावची मिठाई म्हणून कुंदा न्यायचाच असेल तर तो किनाऱ्यावरच ठेवा. एका वर्षी मी तो पहिल्याच सकाळी बोटीवर वाटला होता, आणि दुपारच्या लाटांत त्यातला बराचसा समुद्राला गेला.